रिकाम्या रकान्यातला मुक्काम

भूत, भानामती, देवाचा कौल... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. माझा विश्वास एरर मेसेजवर. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, हे मी चौसाळ्याच्या टपरीवर बसून भल्याभल्यांना ऐकवलंय. तो माणूस बहुतेक वेळा मीच असतो, एवढं मात्र कधी सांगितलं नाही. तेव्हा हे वाचून 'कॅश असेल, जुना साठवलेला डेटा दिसला असेल' असं खाली कॉमेंटमध्ये लिहिणार असाल तर खुशाल लिहा. मी ते तपासून बसलोय.

मी बीडमध्ये सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे मोबाईलच्या दुकानाच्या माळ्यावर मी, एक लॅपटॉप आणि कुरकुरणारा पंखा - ही आमची कंपनी. नलिनीताई आमच्या जुन्या ओळखीच्या. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायांसाठी त्यांची एक छोटी संस्था आहे. टोळी गाव सोडते तशी बाईची तपासणीही सुटते. म्हणून संस्थेतल्या मंदाताई दर आठवड्याला एकेकीला फोन लावतात, 'सध्या मुक्काम कुठं?' विचारतात, आणि जवळच्या दवाखान्याशी गाठ घालून देतात. याचं सॉफ्टवेअर मी केलं. लई रुबाबात केलं.

आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मीही प्रोग्राममध्ये 'कोयता' नावाचं मॉडेल केलं. एक जोडी, एक वस्तू. नवरा, बायको, फोन, कितवा महिना, मुक्काम - हे तिचे गुण, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. डेटाबेसच्या तक्त्यात प्रत्येकाचा एकेक रकाना. मधे एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, असते. तुम्ही वस्तूला सांगायचं 'मुक्काम अमुक', ती तो रकान्यात नेऊन ठेवते. मागितला की रकान्यातून काढून देते. इमानी मुनीमच म्हणा. तुम्ही फक्त मधे लुडबुड करायची नाही.

मी केली. मुक्काम लिहिताना मागेपुढे मोकळ्या जागा राहतात, त्या काढाव्यात म्हणून लिहायची पद्धत मी स्वतःची बनवली. जागा काढल्या, आणि मुक्काम मुनिमाच्या हाती द्यायचा तो त्या वस्तूच्या खिशातच ठेवून दिला. पान बदललं की वस्तू गेली, वस्तूबरोबर खिसा गेला. रकान्यापर्यंत काही पोचलंच नाही. आणि वर मी एक हिरवी पट्टी दाखवत होतो - 'मुक्काम जतन झाला', खाली मुक्कामाचं नाव. ते नाव मी खिशातूनच वाचून दाखवत होतो!

मंदाताईंनी दोनदा फोन केला. "सुहासभाऊ, टाकलेला मुक्काम दिसंना झालाय."

"रिफ्रेश करा."

"केलं की. न्हाई दिसत."

"मग तुम्हीच सेव्ह दाबत नसाल, मंदाताई. जरा लक्ष देऊन करत जा."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला पुढे कळलं.

थंडीचे दिवस. सकाळी नलिनीताईंचा फोन - तसाच ये. गेलो तर त्या उभ्याच होत्या. कारखान्याच्या गेटजवळ बायांची तपासणी झाली होती, तिचे रिपोर्ट नुकतेच आले होते. लिंबागणेशची रुक्मिण, आठवा महिना, पहिलटकरीण. रक्तदाब भलताच वाढलेला, लघवीत प्रोटीन.

"हिला आजच्या आज दवाखान्यात न्यायला पाहिजे," ताई म्हणाल्या. "झटके आले तर दोघंही जातील. आणि तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाही बाईचा मुक्काम नाही. एकाही!"

नवऱ्याचा फोन दिवाळीनंतर बंदच होता. मुकादमाला लावला तर "माजलगावच्या साईडला हायत" म्हणून त्यानं ठेवून दिला. माजलगावची साईड! धरणाखाली जिकडं बघावं तिकडं ऊस. त्यात पाचटाची एक झोपडी, एक कोपी शोधायची.

मी कोपऱ्यात बसून एकेक कोयता उघडायला लागलो. कोरा. कोरा. कोरा. कानशिलं तापली. मग रुक्मिणचं पान उघडलं...

मुक्काम होता.

गावाचं नाव, आणि पुढे - 'आमी हितं हाव. कॅनालच्या अंगाला, पडक्या मोटारीच्या खोलीमागं.'

आता इथं माझा नालायकपणा बघा. 'हे आलं कुठून?' असं मी विचारायला हवं होतं. मी काय बोललो? "बघा ताई! म्हणलो न्हवतो, चालतंय म्हणून?"

मंदाताई मागून वाकून बघत होत्या. "पर हिचा तर फोनच लागत न्हाई, भाऊ. हिचं मी काहीच टाकल्यालं न्हाई."

"टाकलं असेल, विसरल्या असाल," मी म्हणालो. देवा शप्पथ, असंच म्हणालो.

जीपमध्ये ताई पुढे, मी मागे, मांडीवर लॅपटॉप. वाटेत मला राहवेना. मी थेट डेटाबेसमध्ये शिरलो, मधे लायब्ररी-बिब्ररी काही नाही. रुक्मिणची ओळ काढली. मुक्कामाचा रकाना - रिकामा. पुन्हा लायब्ररीकडून वाचला - मुक्काम आहे. कॅश पुसली, सर्व्हर बंद करून चालू केला. रकाना रिकामा, वाचलं की मुक्काम. लिहिल्याची नोंद कुठे सापडेना. गोदामात पोतं नाही आणि मुनीम पायलीनं धान्य मोजून देतोय! ताईंना काही सांगितलं नाही. काय सांगणार? मघाशीच तर छाती फुगवली होती.

पडकी मोटारीची खोली, पाण्याच्या पंपाची, सापडली. मागे कोप्यांच्या खुणा होत्या. चुलीची राख, उसाचं पाचट, एक तुटकी चप्पल. माणूस नाही.

"टोळी हलली," ताई म्हणाल्या. "आता?"

मी लॅपटॉप उघडला. का उघडला ते सांगता यायचं नाही. दुसरं काही येत नव्हतं म्हणून उघडला.

'आमी हितं हाव. पुलाच्या पल्याड, दोन बाभळीत. डोकं लई दुखतंय.'

ताईंनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. "चला," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

पुलापलीकडे, दोन बाभळींच्या मधे नव्या कोप्या उभ्या होत्या. रुक्मिण फाटक्या वाकळंवर पडलेली. तोंड सुजलेलं, डोळ्यांपुढे अंधारी. तिचा नवरा बापू गाडी भरायला गेला होता, शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं हाळी मारून त्याला बोलावलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी. चिमणीएवढी, पण रडली मात्र खणखणीत.

रुक्मिण जरा शुद्धीवर आल्यावर मी बापूला बाजूला घेतलं. "फोन बंद होता ना तुमचा?"

"फोन कॅनालात पडल्याला. कवाच."

"मग नव्या मुक्कामाचं कुणाला सांगितलं?"

"कुनाला सांगनार, साहेब? सकाळीच तर हाललो."

खाटेवरून रुक्मिण बोलली, दमलेल्या आवाजात. "मी सांगितलं की."

"कुणाला?"

तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. "आमच्या गनपतीला. नव्या जागी पयली चूल पेटली की मी मावळतीकडं, लिंबागनेसाकडं तोंड करती अन सांगती, देवा, आमी हितं हाव, ध्यान ठिव. आयची सवय हाय." मग जराशी हसली. "कॅनालच्या अंगाला व्हतो तवा सांगितलं. आज पुलाच्या पल्याड आलो, तवाबी सांगितलं. डोकं लई दुखतंय म्हनलं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि काट्याच्या मागोमाग आली ती शरम. त्या बाईनं ज्याला सांगितलं, त्यानं ते ठेवलं होतं. मंदाताईंनी इतक्या जणींचे मुक्काम इमानानं मला सांगितले, आणि मी एकही ठेवला नव्हता. वर हिरवी पट्टी दाखवत होतो.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पुन्हा रुक्मिणचं पान उघडलं. मुक्काम - कोरा. पुन्हा उघडलं. कोरा. मघाशी ताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं आता कुठेच नव्हतं.

चूक मी त्या रात्रीच दुरुस्त केली. एक ओळ होती. बाकीच्या बायांचे मुक्काम मंदाताईंनी पुन्हा पहिल्यापासून फोन लावून घेतले, आणि मला एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात संस्थेच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. 'यांच्या सॉफ्टवेअरमुळे दोन जीव वाचले.' शाल, श्रीफळ, टाळ्या. मंदाताईही वाजवत होत्या, सावकाश, माझ्याकडे बघत. मी शाल घेतली. तोंड उघडलं नाही. ती शाल अजून कपाटात आहे, तिची घडी मोडायचा धीर होत नाही.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंना मात्र सगळं सांगून टाकलं. म्हणालो, चूक माझी होती, तुम्ही सेव्ह बरोबरच दाबत होता.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी मला लक्ष द्या म्हनला ना, तवाच वळखलं."

नलिनीताईंना अजून सांगितलेलं नाही. त्या हे वाचतात, म्हणूनच इथं लिहितोय. ताई, शाल परत आणून देतो.

रिकाम्या रकान्यातून मुक्काम कसा वाचला गेला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुण्यातल्या एका हुशार मित्राला सगळा कोड दाखवला. तो म्हणाला, हे होऊच शकत नाही. मी म्हणालो, तेच म्हणतोय मी.

यंदा टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी रुक्मिण पोरीला काखेत घेऊन ऑफिसात आली. नवा फोन नंबर दिला, नीट दोनदा वाचून दाखवला. "भाऊ, मुक्काम कळवीन. लिवून ठिवा बरं का."

"आता नक्की राहील," मी म्हणालो. मान काही वर होईना. "पक्कं केलंय सगळं."

"लिवा की. मीबी सांगतीच हाय म्हना तिकडं."

मंदाताईंनी कीबोर्डवरचे हात थांबवले नाहीत, की मान वळवली नाही.

"सांग बाई, सांग," त्या म्हणाल्या. "आधी तिकडं सांग, मग हितं."