मागली चूल

नोकरीतल्या शेकडो केसेस मी पेन्शनच्या कागदांबरोबर तिथेच ठेवून आलो. गोराईच्या मागल्या चुलीची केस मात्र माझ्याबरोबर घरी आली, ती आजतागायत हलायला तयार नाही.

तेव्हा माझा दरारा असा, की मी ठाण्यात खाकरलो तरी लॉकअपमधले डास भिंतीला टेकून उभे राहत. एका सकाळी वाकोल्याचा एक तरुण तक्रार अर्ज घेऊन समोर बसला. आजोबांचं गोराईचं घर त्याला विकायचं होतं. पण मागच्या खोलीत एक म्हातारी राहत होती आणि स्वतःला त्याची सख्खी आत्या म्हणवत होती.

"तोतया आहे, साहेब! मी आमची वंशावळ करतोय. आजोबांच्या मृत्युपत्रात दोन मुलगे आहेत. मुलगी नाहीच."

"तुझे वडील काय म्हणायचे?"

"ते गावाशी भांडून बाहेर पडले, पुन्हा गेले नाहीत. आता तेही नाहीत आणि काकाही नाहीत."

अर्ज चौकशीवर ठेवला. दोनच दिवसांनी गावातून फोन आला, "साहेब, लवकर या. पोरगा मजूर घेऊन खोली तोडायला आलाय."

मी हवालदाराला घेऊन बोट पकडली. त्या दिवशी खाडीत अशा लाटा होत्या, की बोटीतले मासे घाबरून परत पाण्यात उड्या मारत होते. खोटं वाटत असेल तर हवालदाराला विचारा. तो अजून माझ्याच बाजूने बोलतो.

पोचलो तर मजुराने पहार उचललेली आणि म्हातारी दारात पाय पसरून बसलेली.

"ठेव ती खाली!" मी ओरडलो. पहार पडली. शेजारच्या आवारातला कोंबडाही बसला.

दोघांचे जबाब तिथेच ओसरीवर घ्यायला घेतले. म्हातारी माझ्याकडे बघेना.

"मावशी, बापाने तुमचं नाव का नाही लिहिलं?"

"त्यालाच जाऊन विचार ना रे. मला काय सांगून मेला तो?"

म्हटलं, ही बाई माझ्या मिशीलाही भीत नाही. मग पोराकडून मृत्युपत्राची नक्कल घेतली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचली. देवाचं नाव, मग शेत, होडी, माडाची झाडं, दोन मुलगे. शेवटी एक ओळ होती: "मागली चूल कोणी मोडू नये. ती पेटते आहे तोवर घर विकू नये."

"हे काय रे?"

"जुन्या लोकांचं काहीतरी," पोरगा म्हणाला. "अन्नाचा मान वगैरे."

मी उठून घर पाहिलं. पुढे स्वयंपाकघर, तिथे मोठी चूल. मागच्या खोलीत दुसरी, लहान, एका माणसापुरती. तिच्यावर भात रटरटत होता.

"एका घरात दोन चुली कशाला लागतात, बोल?"

मी पोराला विचारलं. उत्तर म्हातारीने दिलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा समुद्रात बुडून गेला, मी परत आले. भावजयांच्या हाताखाली लेक नको, म्हणून बापसाने स्वतः माती कालवून ही मांडून दिली. आमच्यात लग्न झालेल्या लेकीचं नाव कागदावर घालत नाहीत, तिचं तिला लग्नात दिलेलं असतं. घातलं असतं तर भाऊ कोर्टात गेले असते. चुलीशी कोण भांडतो?"

मजूर आपणहून बोटीकडे निघाले. पुढे हवालदाराने गावच्या चर्चमधून तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आणली. त्यात बापाचं नाव मृत्युपत्रातलंच निघालं. तक्रार मागे घ्यायला पोरगा स्वतः आला आणि म्हातारी मरेपर्यंत त्याने घर विकायचं नाव काढलं नाही.

मृत्युपत्र वाचायला मी त्या ओसरीवर शिकलो. कुणाला काय दिलं ते वकीलही सांगतो. लिहिणारा कुणाच्या काळजीने झोपत नव्हता, ते मात्र त्याच्या घरात जाऊन बघावं लागतं. नंतर असा कुठलाही कागद आला की मी आधी घराचा पत्ता विचारायचो.

त्या दुपारी आम्ही निघताना पोराने वंशावळीचा तक्ता ओसरीवर पसरला होता. वडील आणि काका यांच्या मधे त्याने एक रेघ ओढली, पेन धरून थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, "आत्या, तुझं नाव काय गं?"

म्हातारीने आधी त्याच्यापुढे भाताचं ताट सरकवलं. मग नाव सांगितलं.