बाहेरून कडी नसलेलं दार

आमच्या घरात कुणी काही करत नसे, कारण पणजोबांनी एकदा करून ठेवलं होतं. ते संस्थानाच्या दप्तरखान्याच्या किल्ल्या सांभाळत. पगडी घातलेला त्यांचा फोटो दिवाणखान्यात आहे, आणि त्याच्याखाली बसून आमच्या तीन पिढ्यांनी अख्ख्या बडोद्याला नावं ठेवली. पुढे आम्ही मास्तर झालो, कारकून झालो, कारेलीबागेतल्या सोसायटीत राहायला आलो, तरी तोरा दरबाराचाच. बाजारात गोड गुजराती बोलून घासाघीस करायची आणि घरी येऊन त्याच माणसाला 'दुकानदार' म्हणून नाक मुरडायचं, ही आमची संस्कृती.

अशा घरात माझ्या आत्याने कारखाना काढला.

ती एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. घरच्यांनी तिला माहेरची मागची खोली आणि एक शिवणयंत्र देऊ केलं. खोली तिने घेतली. शिवणयंत्राला हातही लावला नाही. वर्षभरात बडोद्याजवळच्या सावली गावाच्या बाजूला एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन ती ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल बनवू लागली. तांब्याची तार, मध्ये कागदाचे थर आणि गुंडाळायला आसपासच्या गावांतल्या बायका. रोज स्कूटरवरून जायची. त्या भागात बाईने कारखाना काढलेला तोवर कुणी पाहिला नव्हता. आमच्या घरात कारखाना हा शब्द कुणी उच्चारत नसे. "ती सावलीला असते," एवढंच सांगत, जसं काही सावलीला तिचे औषधोपचार चालू होते. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आई म्हणाली, आत्या शिक्षण खात्यात आहे. मी शेजारीच बसले होते. मी मान डोलावली. हळदीकुंकवाला तिला बोलावत नसत, पण एखादा भाचा परीक्षेत आपटला की त्याला कुठेतरी चिकटवण्यासाठी हीच मंडळी तिच्या दारात उभी.

शेडमध्ये तिने सगळ्यात आधी काय बांधलं असेल, तर बायकांचा संडास. स्वतःचं ऑफिस दोन वर्षांनी झालं. तोवर माल घ्यायला येणारे लोक तारेच्या रिळावर बसत. बायका दिवसभर पाणी न पिता काम करतात हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि का पीत नाहीत तेही.

पुढे ती नगरसेविका झाली. भाजीवाल्या बायकांनी तिला निवडून आणलं. आमची मंडळी मतदानाच्या सुट्टीत झोपली होती. तिने वॉर्डात पुष्कळ कामं केली, पण पाच वर्षं जिच्यासाठी भांडली ती गोष्ट एकच, आमच्या भाजीबाजारात बसणाऱ्या बायकांसाठी संडास. तो झाला तेव्हा ती सुताराजवळ उभी राहिली आणि दाराला फक्त आतून कडी लावून घेतली. बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही. मी कारण विचारलं.

"बाहेरून कुलूप लागलं की एक किल्लीवाला तयार होतो," ती म्हणाली. "आपल्या घरात एक होऊन गेला, तेवढा पुरे."

ते दार वीस-बावीस वर्षं तसंच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात आत्याला एक्याऐंशीवं लागलं आणि आमच्या मंडळाला एकाएकी तिचा पुळका आला. हे मंडळ म्हणजे दर महिन्याला जमून एकमेकांच्या पणजोबांची तारीफ करायची आणि बटाटेवडे खाऊन घरी जायचं. त्यांनी आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. मी तीस वर्षं मराठी शिकवलेली, म्हणून मानपत्र माझ्याकडे आलं. मी कारखान्याची 'उद्योगक्षेत्रातील गगनभरारी' केली आणि संडासाची 'नागरी सुविधा'. अध्यक्ष वा वा म्हणाले. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

तिच्या सन्मानार्थ मंडळाने त्या संडासाला नव्या टाइल्स बसवल्या, नवं दार लावलं, आणि दाराला बाहेरून कडी, कोयंडा आणि हे एवढं कुलूप. कार्यक्रमापर्यंत स्वच्छ राहावं म्हणून. नंतरही किल्ली अध्यक्षांकडेच राहणार होती, शिस्त म्हणून. आत्याला भेट द्यायला मखमलीच्या डबीत एक चांदीची किल्ली. पणजोबांच्या आठवणीसाठी. इतकं बिनडोक काही आमच्याच लोकांना सुचू शकतं, आणि वर ते सुचल्याचं कौतुकही आमच्यातच होतं.

कार्यक्रम सकाळी, बाजारातच, संडासाला लागून मांडव घालून. खुर्च्यांसाठी भाजीवाल्यांना टोपल्या मागे घ्यायला लावल्या होत्या. कुलूप लागून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. या पंधरा दिवसांत त्या बायका कुठे जात होत्या, हे मंडळातल्या एकानेही विचारलं नाही. मी रोज त्यांच्याकडून मेथी घेत होते. मीही विचारलं नाही.

मी मानपत्र वाचलं. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी डबी उघडून आत्यासमोर धरली. तिने माइक मागून घेतला.

"ही त्या कुलपाला लागते का?"

लोक हसले. "नाही ताई, ही आपली प्रतीक म्हणून," अध्यक्ष म्हणाले.

"मग लागणारी आणा. मला जायचंय."

अध्यक्षांनी खिसे चाचपले. कार्यक्रमासाठी त्यांनी नवं जाकीट चढवलं होतं आणि किल्ली जुन्या जाकिटात घरी राहिली होती. कुणालातरी स्कूटरवर पिटाळलं. "पाच मिनिटं ने, ताई, हमणां, आत्ता येते," अध्यक्ष म्हणाले. पाचाची वीस झाली. अंगावर शाल, मांडीवर नारळ, अशी एक्याऐंशी वर्षांची सत्कारमूर्ती तिच्याच संडासासमोर कोंडल्यासारखी बसून होती, आणि आमचं थोर मंडळ मांडवाची झालर निरखत होतं. मागून एक भाजीवाली शांतपणे म्हणाली, "अमे पण बेठां छीए, बेन." आम्हीही बसूनच आहोत.

आत्या उठली, माझा हात धरून दारापाशी आली आणि पर्समधून डिसमिस काढला. डिसमिस म्हणजे आमच्या बडोद्याचा स्क्रूड्रायव्हर. पन्नास वर्षं तो तिच्या पर्समध्ये आहे. तिचे हात आता थरथरतात. तिने तो माझ्यापुढे धरला.

"नागरी सुविधा तूच लिहिलंस ना? मग तूच उघड."

मंडळातल्या एकेकाला मनात शिव्या घालत मी इतकी वर्षं काढली, आणि बासष्टाव्या वर्षापर्यंत एक स्क्रू फिरवला नव्हता. तीनदा घसरला. बोट सोललं. पाठीमागे अख्खा मांडव बघत होता आणि मला रडू येत होतं.

"दाबून धर. डावीकडे फिरव," आत्या म्हणाली. "आणि स्क्रू बाहेरून ठोकलेत बघ. कुलूपसुद्धा धड लावता येत नाही यांना."

चौथा स्क्रू निघाला आणि कोयंडा कुलपासकट चौकटीतून सुटला. ती मागची भाजीवाली सगळ्यात आधी आत गेली. आभार मानायला ती थांबली नाही. तिच्यामागे दुसरी, तिसरी. आत्या रांगेत शेवटी उभी राहिली. अध्यक्षांनी तिला पुढे व्हायला सांगितलं, तिने ऐकलं नाही.

बाहेर आल्यावर भाजीवालीने खाली पडलेलं कुलूप पायाने बाजूला केलं. "काले पाछुं लगावी देशे, बेन." उद्या परत लावतील.

"लावू देत," आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हिला आता काढता येतं."

डिसमिस तिने परत घेतला नाही. त्यानंतर मंडळाने दोनदा कुलूप लावलं. दोन्ही वेळा मी ते काढलं.