ताडपत्री सोडली तेव्हा

मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये दहावीत होते. वसतिगृहात इंग्रजीतून प्रार्थना म्हणायची आणि सुटीत तुमसरला आले की आईसोबत आरती. देवाशी कोणत्या भाषेत बोलावं, हेच मला कळत नसे. खरं सांगायचं तर कोणी ऐकत असेल, असंही वाटत नसे.

त्या कार्तिकात आम्ही आणि बाबांच्या मित्राचं कुटुंब सिहोऱ्याजवळच्या तलावावर आवळीभोजनाला गेलो. मुक्कामही तिथेच करायचा होता. बाबांच्या या मित्राची, काकांची, राइस मिल होती. धान झाकायची मोठी ताडपत्री त्यांनी सोबत आणली आणि तलावाच्या पाळीखालची, म्हणजे बांधाखालची, सपाट, वाळूची जागा पाहून बांबूंवर ताणली. तलाव भरला की जास्तीचं पाणी त्याच वाटेने उतरतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शेतीशी आमचा संबंध नव्हता, धान पाहिलेलं ते पोत्यातच.

जेवणं आटोपली आणि अवेळी पाऊस कोसळू लागला. माझ्या लहान भावाला, मनूला, दमा होता. ओल्या वाऱ्याने त्याची छाती वाजू लागली. मी त्याला मांडीवर घेऊन मधोमध कोरड्या सतरंजीवर बसले. मनात एकच मागणं होतं : हे छप्पर राहू दे.

तेवढ्यात एक वयस्क शेतकरी चिंब भिजून धावत आला.

"भाऊ, हे ताडपत्री द्या ना जी. कापलेल्या धानाचा पुंजणा रचला, सारा भिजून राह्यला."

"वा! अन् आमी काय छत्रीत झोपाव?" काका म्हणाले.

"माह्यं घर आहे ना जी, वरच्या अंगाले. चला सारेच."

आई उठली आणि दोऱ्या सोडू लागली.

"अवो वहिनी, काहून सोडता? पोरगा भिजल ना!"

"त्यायचं वर्षाचं खाणं भिजून राह्यलं, भाऊजी."

पावसाचे थेंब मनूच्या तोंडावर पडले आणि मला आईचा भयंकर राग आला. मनातल्या मनात देवाला नाही नाही ते बोलले.

बाबा आणि काका शेतकऱ्यासोबत पुंजणा झाकायला गेले, आम्ही त्याच्या घरी. शेतकऱ्याच्या बायकोने मनूला आपल्या कोरड्या लुगड्यात गुंडाळलं, धूर लागू नये म्हणून शेगडी बाहेर ओसरीत ठेवली आणि कापड गरम करकरून त्याची छाती शेकत राहिली. "भिऊ नको वं माय," ती मला म्हणाली.

दिवेलागणीला बाबा, काका आणि तो शेतकरी परतले. बाबांनी सांगितलं : आम्ही बसलो होतो तिथून कमरेएवढं पाणी धावत होतं. बांबूही उरले नव्हते.

काकांनी हात जोडून शेतकऱ्याला विचारलं, "तुमाले माहीत होतं काय?"

तो ओशाळला. "नाही जी. या दिवसात तिकून पाणी येतच नाही. अन् मले तं पुंजण्याबिगर काही दिसतच नोहतं."

मनू मोकळा श्वास घेऊ लागला होता. त्याने भात मागितला आणि इतका वेळ धरून ठेवलेलं माझं रडू फुटलं.

त्या माणसाला त्याचं धान वाचवायचं होतं, मला माझं छप्पर. आमच्यापैकी कोणीही मनूला पाण्यातून वाचवायला निघालं नव्हतं. त्यापलीकडे मला काही सांगता येत नाही, सांगायचंही नाही. मागणं माझं अजून सुटलेलं नाही. फक्त मागून झालं की एवढं जोडते : हातातलं काही नेलंस तर रडू दे मला, पण अडवू देऊ नकोस.