म्हातारा इकडं, पोरगी तिकडं

खिचडी शिजली की मावशी पहिली पळी पळसाच्या पानावर काढायची, शाळेमागच्या भिंतीवर ठेवायची आणि वर बघून हुकूम सोडायची, "ज्याचं असन त्यानं घ्या!" घ्यायचा रोज कावळाच, ही गोष्ट वेगळी.

साकोलीच्या आमच्या शाळेत ती पोरांची खिचडी रांधायची, मी शिकवायचे. जगातल्या सगळ्या भांडणांवर एकच औषध असणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशीचं औषध म्हणजे, "एकच हाय तो, बाई. नावं आपन ठेवली." देवळावरून वाद असो की दर्ग्यावरून, हिचं आपलं तेच. मी बौद्ध घरातली. एकदा चिडून म्हटलं, "मावशी, आमच्यात तो नाहीच!" तर म्हणते कशी, "नसन. म्हनून खिचडी सोडशीन का? आन तुही वाटी."

नवरा लवकर गेला, तरी ती त्याला 'म्हातारा'च म्हणायची. तिनं एकटीनं पोरगी वाढवली. पोरगी नर्स व्हायला नागपूरला गेली, तिथंच एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला. गल्लीतल्या बायका टोमणे मारायला टपलेल्याच होत्या. मावशीनं पदर खोचला. "घर बदललं तिनं. वर बसला तो तोच हाय." चर्चमध्ये लग्नाची गाणी सुरू झाली तशी ही भजनातल्यासारख्या टाळ्या वाजवायला लागली. जावई लाजला आणि मग तोही वाजवायला लागला.

पुढच्याच पावसाळ्यात पोरगी गेली. ताप आला, डोक्यात गेला, आठवड्यात सगळं संपलं. नागपूरच्या कब्रस्तानात मातीत ठेवली. पाद्री भला माणूस. मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नका आई, ती प्रभूच्या घरी गेली." धीर द्यायलाच म्हणाला हो बिचारा. पण मावशी तेवढं वाक्य घेऊन साकोलीला परत आली आणि तिची पहिली पळी बंद झाली.

"बाई, पाद्री म्हनते पोरगी प्रभूच्या घरी गेली. माहा म्हातारा त म्हादेवाच्या पायाशी हाय. मंग मी कोठी जाऊ?"

मुख्याध्यापकांनी समजूत घातली, "अहो मावशी, देव एकच असतो."

मावशीनं पळी खाली ठेवली. "सर, हे त मीच सांगत होती ना तुमाले."

स्वतः बाप्तिस्मा घ्यायचंही तिच्या मनात येऊन गेलं. "घेतो ना मी पानी डोक्यावर. पन तिकडं गेली त म्हातारा इकडं वाट पाहून राहीन. त्याले त भातबी वाढून घेता येत नाही." मला हसू आलं आणि ते लपवायला मी चुलीत लाकूड सारलं.

एक दिवस चुलीपुढं तिनं माझा हात धरला. "तुमच्यात कोनीच नाही ना? म्हंजे तुले कोनाची बाजू घ्याची नाही. तू खरं सांग. तो एकच हाय का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण ती अशी बघत होती की खोटं बोलवेना. "मावशी, मले नाही माहीत."

"तूच एक खरी बोलली," ती म्हणाली आणि तिथंच बसून इतकी रडली की खिचडी करपली. पोरांनी त्या दिवशी एका शब्दानं तक्रार केली नाही.

अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या अक्तीला, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. लग्न झालेल्या पोरीची घागर सासरी भरायची, आणि तिच्या सासरी तर ही रीतच नाही. "एवढ्या उन्हाची पोरगी तहानली राहीन," म्हणत मावशी घागर मांडीवर घेऊन एसटीत बसली. मी सोबत गेले. कबरीपाशी जावई उभा होता. घागर भरली, पण नाव कोणत्या देवाचं घ्यायचं?

"तू तुह्यावाल्याले सांग," मावशी म्हणाली, "मी माह्यावाल्याले सांगतो. ज्याच्याजवळ असन तो देईन तिले." मग मातीवर वाकून हळूच म्हणाली, "बाय, पानी पेजो. आई आली."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली, झोपेतच. चुलबंद नदीच्या काठी तिला अग्नी दिला. म्हणजे शेवटी म्हाताऱ्याकडेच. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालंच नाही. मला याचा फार राग येतो. कोणावर काढू?

यंदा अक्तीला जावई माझ्या दारात उभा. घामाघूम, आणि खांद्यावर प्यायच्या पाण्याचा तोटीवाला माठ. "मॅडम, घागर हीच ना?" मावशी असती तर तिनं त्याला धू धू धुतलं असतं. मी म्हटलं, "हीच."

शाळेमागच्या भिंतीवर आम्ही तो माठ ठेवला, काठोकाठ भरला. त्यानं हात जोडले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, भेटल्या असतील ना हो दोघी?"

"भेटल्या असतील," मी म्हणाले.

मावशीनं मला तिथल्या तिथं पकडलं असतं. पण पकडायला ती नव्हती.