कुजबुजताईंची राखेची राणी

आमच्या नाटक कंपनीत एक बाई होत्या. त्यांचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू गेला की त्यांना बोलणी बसायची. आम्ही बाकीचे शेवटच्या रांगेसाठी घसा फाडायचो आणि या बाई विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी घेऊन, फक्त आमच्यापुरतं बोलायच्या. नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानात अलगद सरकवायचं आणि प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. सगळे त्यांना कुजबुजताई म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं.

मी कंपनीचा कायमचा खलनायक. दुष्ट काका, फितूर कारभारी आणि सर्वांत गाजलेला तो कपटी सेनापती. म्हणून ताई मला आजही सेनापती म्हणतात. भाजी घेताना चारचौघांत हाक मारतात तेव्हा दुकानदार माझ्याकडे जरा आदरानं बघतो. मी ते बघणं खिशात घालून घरी येतो.

ताईंच्या कामातली खरी मेख वेगळीच होती. मुद्दाम थांबलेला नट आणि वाक्य विसरलेला नट प्रेक्षकांना सारखेच दिसतात. थांबलेल्याला वाक्य पुरवलं तर त्यानं रंगवलेली शांतता मातीत जाते. विसरलेल्याला नाही पुरवलं तर नाटकच मातीत जातं. ताईंना हे पाठीवरून कळायचं. थांबलेल्याचे खांदे जागेवर असतात, विसरलेल्याचे कानाकडे चढतात. इतक्या वर्षांत त्यांनी माझा एकही थांबा मोडला नाही. नट दुसऱ्याला यापेक्षा मोठी दाद देऊ शकत नाही.

कंपनी बंद झाल्यावर आम्ही दोघं प्रेक्षक झालो. ताईंच्या घराजवळच्या चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला चिटपाखरू नसतं, खुर्च्या मऊ असतात आणि पडद्यावर बहुधा कुणीतरी उडत असतं. उडणाऱ्या, आग ओकणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या महावीरांचे चित्रपट आम्ही इमानेइतबारे बघतो आणि नंतर कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात त्यातल्या नटांची हजेरी घेतो. पंखवाला नावाच्या महावीराचे तर आमच्यात दोन पक्षच पडले होते, कारण तो आजवर तीन वेगवेगळ्या नटांनी केला आहे.

"पहिलाच खरा," मी म्हणायचो. "छाती बघा केवढी."

"छाती पोशाखात शिवलेली होती, सेनापती. मला दुसरा आवडतो. मुखवटा कसा चढवतो पाहिलंत? थंडीत स्वेटर घालावा तसा. बाहेर काम आहे, घातलाच पाहिजे. पहिला तर फोटोला उभा राहिल्यासारखा चढवतो."

"आणि तिसरा?"

"त्याला उडता येतं याचं त्याला स्वतःलाच काही वाटत नाही. मग मी कशाला वाटून घेऊ?"

खलनायकांवर तर आमची जुंपायचीच. मला बर्फाच्या किल्ल्यातला तो डॉक्टर आवडायचा, पोटातून हसणारा. ताईंना आवडायचा लोखंडी हाताचा कारखानदार, जो समोरचा बोलत असताना चष्मा पुसतो.

"तो काहीच करत नाही हो," मी कुरकुरायचो.

"तो ऐकतो. भीती त्याचीच वाटते. तुम्ही हसायचात तेव्हा माझ्या संहितेची पानं उडायची, पण घाबरले नाही कधी."

या गप्पांना कामाचं वळण लागलं ते आमच्या जुन्या दिवेवाल्याच्या लेकीमुळे. लहानपणी ती विंगेत ताईंच्या पायाशी बसून अभ्यास करायची. आता ती परदेशी चित्रपटांना आपल्या भाषेतले आवाज देण्याचं काम बघते. पंखवाल्याच्या नव्या चित्रपटातल्या म्हाताऱ्या राजासाठी तिनं मला बोलावलं. सोबतीला ताई आल्या. दोन पानांत राजा मेला, त्यामुळे मला लवकर मोकळं केलं; पण ताईंनी तेवढ्यात भाषांतरातली तीन वाक्यं तोंडात बसत नाहीत म्हणून बदलून दिली. लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

"मावशी, या चित्रपटातली खलनायिका म्हातारी आहे. राखेची राणी. रेडिओवरच्या एका बाईंनी चाचणी दिलीय आणि खरं सांगते, दणकून दिलीय. तुम्ही देता? परवा दोन्हीतला एक आवाज मला ठरवायचाय."

ताईंच्या घरी त्यांच्या सूनबाईंना हसू आवरेना. "आई, तुम्ही खलनायिका? अहो, तुम्ही मांजरालासुद्धा 'जरा सरकतेस का' म्हणता."

"मांजर सरकतं की नाही?" ताई म्हणाल्या.

पण मला सोडायला त्या फाटकापर्यंत आल्या तेव्हा थट्टेत नव्हत्या. "आयुष्यभर माझा आवाज पहिल्या रांगेला कळू नये म्हणून जपला, सेनापती. मला त्याचं दुःख नाही, ते काम मी चोख केलं. पण एकदा तो शेवटच्या रांगेत जायला हवा. एकदाच. मग मी गप्प बसायला मोकळी."

चाचणीच्या दिवशी मी काचेच्या अलीकडे दिवेवाल्याच्या लेकीशेजारी बसलो होतो. पलीकडच्या खोलीत ताई माइकसमोर ताठ उभ्या. समोर पडद्यावर राखाडी केसांची, ओठ जेमतेम हलवणारी परदेशी नटी. दृश्य सुरू झालं आणि ताईंनी तोंड उघडलं.

मला घाम फुटला, कारण तो मी होतो. तोच घशातला खर्ज, तीच शब्दाच्या शेवटी दिलेली फिरकी. वाक्य संपताच त्या हसल्यासुद्धा, माझं ते सेनापतीचं हसणं. एवढी वर्षं विंगेतून बघितलेला खलनायक त्यांनी जसाच्या तसा उचलला होता आणि त्या शांत नटीच्या तोंडी तो सासऱ्याच्या कोटासारखा लोंबत होता.

"मावशी, हे काकांचं आहे," लेक हळूच म्हणाली.

"खलनायक म्हटला की असाच असतो ना?"

"रंगमंचावर असेल. ही बघा, हिचा गळासुद्धा हलत नाहीये."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा आवाज मोठा होता होता फाटला. ताई पाणी प्यायल्या आणि त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून धीर दिला, पण रेडिओवरच्या बाई जिंकल्या हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

लेकीनं शेवटचा उपाय केला. एरवी तिथं प्रत्येक जण एकटा येऊन आपापली वाक्यं बोलून जातो. तिनं पंखवाल्याचा आवाज देणाऱ्याला खोलीत, ताईंच्या पुढच्या माइकवर पाठवलं. समोर माणूस असला तर बाई मोकळ्या होतील, असा तिचा हिशोब. हा गृहस्थ गोल चेहऱ्याचा, जाड चष्म्याचा, मोठा हसरा. त्याला पाहून कुणी त्याच्या हाती पतंग देणार नाही, पण आवाज असा की इमारत तोलून धरेल. दृश्य होतं राखेच्या दालनातलं. पंखवाला गुडघ्यावर, राणी त्याच्या मागे अंधारात उभी. तो बराच वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, "मी परत आलेलो नाही. मी कधी गेलोच नव्हतो."

शांतता सुरू झाली. पडद्यावरचा नट थांबला, खोलीतला गृहस्थही थांबला. मग पडद्यावरच्या नटाचे ओठ हलायची वेळ आली आणि गृहस्थाची नजर कागदावर भिरभिरू लागली. ओळ हरवली होती. त्याचे खांदे कानाकडे चढले.

आणि मागून, अगदी हलक्या, काळजीच्या आवाजात ऐकू आलं, "मी परत आलेलो नाही..."

गृहस्थानं वाक्य झेललं आणि पुरं केलं. दृश्य संपलं. ताईंनी तोंडावर हात ठेवला.

"चुकलं बाई. सवय हो. याचे खांदे चढले आणि मी..."

गृहस्थ मान चोळत मागे वळला. "मावशी, माझ्या अंगावर काटा आला. माझं वाक्य माझ्याआधी तुम्हाला माहीत होतं."

काचेच्या अलीकडे लेक उभी राहिली होती. "मावशी, त्याचं वाक्य नको, ते चालायचं नाही. पण तुमची वाक्यं त्या आवाजात म्हणा."

"तो आवाज? तो तर अडलेल्याला मदत करायचा आहे."

"तसंच म्हणा. मदत केल्यासारखं."

ताईंनी दोनच गोष्टी मागितल्या: एक स्टूल, आणि वरचा दिवा बंद. कागदापुरता छोटा दिवा ठेवला. त्या स्टुलावर बसल्या, पाय नेहमीसारखे आडव्या दांडीवर टेकले, आणि माझ्यासमोर आमची जुनी विंग उभी राहिली. पडद्यावरची राणी वाकली. तिचे ओठ हलले.

"घाबरू नकोस," ताई म्हणाल्या. "तुझं पुढचं पाऊल मला माहीत आहे. टाक."

आवाज चढला नाही, फिरला नाही, हसला तर मुळीच नाही. एखाद्या नवख्या नटाला सावरून घ्यावं तशी ती बाई त्या महावीराला त्याच्या सर्वनाशाकडे नेत होती. माझ्यासारख्या मुरलेल्या खलनायकानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"रेडिओवरच्या बाईंना मी फोन करते," लेक एवढंच बोलली. "पुढच्या वेळी त्यांच्यासाठी एखादी ज्वालामुखीसारखी खलनायिका राखून ठेवते."

चहाच्या दुकानात ताईंचे डोळे लकाकत होते. "आता कळलं मला दुसरा पंखवाला का आवडतो ते. उडी मारायच्या आधी तो दरवेळी अडतो. पुढचं त्याला आठवत नाही, तरी मारतो. त्या अडण्यावरच आपला जीव जडतो. पहिल्याला सगळं पाठ, तिसरा तर घोकून आलेला."

"आणि खलनायक?"

"त्याला स्वतःचंही पाठ आणि दुसऱ्याचंही. तो विंगेत बसून वाट बघतो. माझंच काम की हो, फक्त नियत उलटी."

"मग मी काय करत होतो इतकी वर्षं?"

"तुम्ही नाट्यगृह भरत होतात," ताई म्हणाल्या. "नाहीतर मी कुणाला वाक्यं पुरवली असती? प्या चहा, गार होतोय."

चित्रपट लागला त्या दिवशी सूनबाई मधल्या रांगेतली चांगली तिकिटं काढणार होत्या. ताईंनी हट्टानं शेवटची रांग घ्यायला लावली. चित्रपटगृह आमच्या जुन्या नाट्यगृहासारखंच गच्च भरलेलं होतं. पुढे कुणी कागद चुरगळत होतं, कुणी फोनवर बोलत होतं. राखेचं दालन आलं. पंखवाला गुडघ्यावर बसला. थांबला. ताईंनी माझं मनगट धरलं.

"घाबरू नकोस," राणी म्हणाली, आणि कागदाचा आवाज थांबला.

आमच्या पुढच्या रांगेत एक धिप्पाड माणूस बसला होता. त्यानं दचकून मागे वळून पाहिलं, आपल्या मानेशी कोण बोललं ते. सूनबाईंनी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. ताईंनी मात्र त्या माणसाला, अगदी मायेनं, हातानंच खूण केली: पुढे बघा, पडद्याकडे.