जाहीर खुलासा: ती शर्यत मी पुरी केली होती

तुम्ही आयुष्यात किती वेळा सभात्याग केला आहे? मी वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत एकोणीस वेळा केला होता. टायपिंगचा क्लास सोडला, कारण सर फक्त मुलींना फळा पुसायला लावत. शाळेतली नोकरी सोडली, कारण शिपाईमामांचा कप वेगळा ठेवत. चुलत बहिणीच्या लग्नातून तर मी हुंड्याच्या मुद्द्यावर पहिल्या पंगतीआधीच उठून आले. (हुंडा नव्हताच. दारातला तो कूलर काकूने स्वतःच्या घरासाठी आणला होता. हे मला दुसऱ्या दिवशी, उपाशीपोटी कळलं.)

दोष माझा एकटीचा नाही. माझे वडील, अण्णा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला आणि युनियनची पत्रकं लिहिणारे. मी वाचायला शिकले तीच ‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ जुळवत. मी तत्त्वावर काही सोडून आले की अण्णा पाठ थोपटत. आई मात्र एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “एकदा तरी काही पुरं कर गं. काहीही. मी बघायला येईन.”

हे वाक्य मला कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त लागलं. त्याच सुमारास, म्हणजे दोन हजारच्या दशकात, गंगापूर धरणापाशी हौशी लोकांसाठी ट्रायथलॉन होणार असल्याचं कळलं. पाऊण किलोमीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचं, आणि मध्ये सुट्टी नाही. (कामगार कायद्यात हे बसत नाही, असं अण्णा लगेच म्हणाले.) मी नाव दिलं. आई-अण्णा दहा वाजता मोपेडवरून शेवटच्या रेषेपाशी येणार, असं ठरलं.

पोहायला मी देवळ्याला मामाच्या विहिरीत शिकले होते, पाठीला डबा बांधून. विहिरीत शिकलेल्या माणसाची एक अडचण असते. तो गोल पोहतो. दहा मिनिटांनी डोकं वर काढलं, तर समोर किनारा. निघाले होते तोच.

“ताई, येताय का जाताय?” बोटीतल्या माणसाने विचारलं.

“जातेय.”

“मग तोंड तिकडं करा.”

पाण्याबाहेर आले तेव्हा मैदानात एकच सायकल उरली होती. पुढे टोपली असलेली, माझी. रस्त्यावर माझ्या पुढे कुणी दिसत नव्हतं आणि मागे तर कुणी नव्हतंच. परतीच्या वाटेवर, धरणापासून अडीच किलोमीटरवर, पाणी वाटणाऱ्या चार बायकांचं टेबल होतं. आता आमच्या घरचा एक नियम आहे: काम करणाऱ्याच्या हातून काही घेण्याआधी त्याने खाल्लं का, ते विचारायचं. मी ग्लास घेण्याआधी विचारलं.

“कवाचं खाणं?” त्यातली थोरली म्हणाली. “पाचपासून उभ्या हाय. पव्हे येनार म्हनले, अजून पत्त्या नाय.”

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. मी सायकल स्टँडवर लावली, बाटल्यांच्या खोक्यावर चढले आणि वीस मिनिटं बोलले. तेवढ्यात आयोजकांपैकी एकजण मोटरसायकलवरून आला. त्याने माझं भाषण ऐकलं, स्टँडवरची सायकल पाहिली, माझ्या दंडावर लिहिलेला नंबर वहीत टिपून घेतला आणि निघून गेला. मला वाटलं, मागणीची नोंद झाली.

बायकांनी ग्लास खाली ठेवले. पोहे येईपर्यंत पाणी बंद. आता खरं तर मीही त्यांच्याबरोबर बसायला हवं होतं. पाय तर बसायला तयारच होते. पण आईचं ते वाक्य आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यांना संपावर बसवून स्वतः निघून गेले. (पुढाऱ्यांना हे सहज जमतं म्हणतात. मला फार लाज वाटली.)

धरणापाशी पोचून मैदानात सायकल ठेवली आणि त्याच रस्त्याने उलटी पळायला लागले. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, वर ऊन. स्वतःला धीर द्यायला मी घोषणा दिली. अर्धीच. उरलेली अर्धी नेहमी समोरचे देतात, आणि समोर कुणीच नव्हतं. थोडा वेळ वाट पाहिली. मग दुसरा अर्धाही मीच म्हटला, हळू आवाजात. त्यानंतर घोषणा दिली नाही.

टेबलापाशी वळायचं होतं. घशात कोरड पडली होती.

“मावशी, पाणी.”

“बंद हाय.”

“अहो, बंद करणारी मीच ती.”

“म्हनून तर. कुनाला म्हंजी कुनालाच नाय, असं तुम्हीच म्हनल्या.”

मला अभिमान वाटला आणि चक्करही आली. मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःच्या पिशवीतली बाटली काढली.

“हे त्यांचं नाय, माझ्या घरचं हाय. पी. मागं अजून कोन हाय का?”

“नाही.”

“पुढं?”

“नाही.”

“मंग एकलीच कशापायी पळती?”

“आई यायचीय बघायला.”

“मंग बोलत नको बसू. पळ.”

मी पळाले. शेवटच्या रेषेपाशी पोचले तेव्हा मांडव उतरवत होते. शिडीवर एकच माणूस होता.

“बाजूनं ताई, बांबू येतोय.”

“शर्यत?”

“झाली की. सगळे गेले.”

चुन्याची रेषा मात्र अजून होती. मी ती ओलांडली आणि वर पाहिलं. “तुम्ही पाहिलंत ना?”

“काय?”

“मी ओलांडली ते.”

“मी गाठ सोडत होतो, ताई.”

आई-अण्णा कुठेच नव्हते. तिथे थोडा वेळ उभी राहिले, मग सायकल घेतली आणि एकलहऱ्यापर्यंतचे पंचवीस किलोमीटर तुडवले. (हा चौथा प्रकार नियमावलीत नव्हता.)

कॉलनीच्या फाटकात अण्णा हार घेऊन उभे. “विसावा सभात्याग!” ते म्हणाले. “आम्ही दहाला पोचलो. आयोजक म्हणाले, तुमच्या मुलीने भाषण करून शर्यत सोडली. म्हटलं, सोडणारच. मुलगी कुणाची आहे?”

“अण्णा, मी पुरी केली.”

“नम्रपणा नको.” पत्रकाचा मसुदा तयारच होता.

आई ओट्याशी होती. मी तिला सगळं सांगितलं, पोहण्यापासून चुन्याच्या रेषेपर्यंत. ती “बरं” म्हणाली. अण्णा दर वर्षी ‘यंदा मागण्या मान्य होणार’ म्हणतात, तेव्हा ती जसं म्हणते, अगदी तसं. मग ताट वाढलं. “जेव. तेवढं तरी पुरं कर.”

तेव्हा सर्व नागरिकांना विनंती. पाण्याच्या मावशीने मला अर्ध्यापर्यंत पाहिलं आहे. प्रश्न पुढच्या अर्ध्याचा आहे. त्या सकाळी धरणाच्या रस्त्यावर लाल तोंडाची एक मुलगी एकटीच पळताना तुम्हाला दिसली असेल, तर एकलहऱ्याला कॉलनीत या आणि माझ्या आईला सांगा. चहा मिळेल. आई सगळं पहिल्यापासून विचारेल, आणि मध्येच अण्णा पत्रक वाचायला घेतील. कृपा करून तेव्हा उठून जाऊ नका. (तुमच्या जागी मी असते, तर केव्हाच उठले असते.)