किरकोळ दोषांसह पास

आमच्या ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणतात. आम्ही लिफ्टच्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहितो आणि तो ते तपासतो. त्याच्या टेबलावर बटणं आणि दिवे जोडलेली एक पाटी आहे. तिच्यावर तो दिवसभर न बांधलेल्या इमारतीत वर-खाली करत असतो. माझ्या कामातली चूक सापडली की ती तो इतक्या मायेने सांगतो, की त्यापेक्षा थप्पड बरी.

या चाळणीने ब्लॉग काढायचं मनावर घेतलं. पहिला लेख काकांवर. काका म्हणजे आमच्या खात्यातले सर्वांत जुने तपासनीस. चाळणीला हे काम त्यांनीच शिकवलं. आता ते निवृत्त होऊन लांब लेकीकडे राहायला जाणार होते. त्याआधी त्यांनी लेख इथेच, या टेबलाशी वाचावा, एवढीच चाळणीची इच्छा. निरोपाचं भाषण त्याच्याच्याने होणार नव्हतं. चार माणसं समोर आली की त्याची दातखीळ बसते.

तयारी मात्र लग्नघरासारखी. ब्लॉगचं नाव ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. अक्षरं बारीक दिसतात म्हणून मोठी केली, मग डोळ्यांवर येतात म्हणून बारीक. ‘माझ्याविषयी’ हे पान घोटता घोटता मध्ये त्याला मुलगी झाली आणि पान जुनं झालं. ब्लॉगवर लेखक होता, लेख नव्हता.

चहाच्या यंत्रापाशी काका रोज विचारत, “काय रे, कळा सुरू झाल्या का?”

“शेवटचा परिच्छेद राहिलाय, काका.”

“मागच्या आठवड्यात पहिला राहिला होता.”

लेख आपल्यावरच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

निरोपाच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या आणि चाळणी स्वल्पविराम काढून पुन्हा घालत होता. मी माझी खुर्ची ओढून त्याच्याजवळ गेले.

“आपल्याकडे नियम काय? ज्याने लिहिलं त्याने पास करायचं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग सरक. मी तपासते.”

“तू? काल तुझी लिफ्ट तळमजल्याच्या खाली गेली होती.”

“म्हणूनच. माझ्या चाळणीची भोकं मोठी आहेत.”

लेख चांगला होता. एक वाक्य इतकं लांब, की मध्ये पाणी पिऊन यावं. आणि शेवट दोनदा झाला होता. माझ्या कामावर तो दर वेळी मारतो तोच शेरा मी खाली मारला : किरकोळ दोषांसह पास.

“किरकोळ म्हणजे किती?” त्याने विचारलं.

“लिफ्ट पडणार नाही इतके.”

तेव्हा कुठे त्याने लेख प्रसिद्ध करायचं बटण दाबलं, तेही डोळे मिटून.

काकांनी चाळणीच्या टेबलाशी येऊन लेख आपल्या फोनवर उभ्यानेच वाचला. चाळणी शेजारी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखा उभा.

“दुसऱ्या परिच्छेदात तू मला दोन वर्षं आधीच कामाला लावलंयस,” काका म्हणाले.

“आत्ता दुरुस्त करतो.”

“थांब. लेकीला पाठवतोय. बाबा ऑफिसात नक्की काय करतात, हे तिला कधी सांगताच आलं नाही मला.” त्यांनी लेख पाठवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पुसला. “असू दे तसंच.”

चूक सापडल्यावर काका ‘असू दे’ म्हणाल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवेना.

चाळणीने ती चूक सोमवारपर्यंत सहन केली. त्याच्या मानाने हा निष्काळजीपणाचा कळसच.